विद्यार्थी व्हॅन गॉग

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी आठवतात. एक, त्याने कापून घेतलेला कान. आणि दुसरी, त्याच्या चित्रांना मरणोत्तर मिळालेली किंमत. १९९० साली त्याने काढलेले डॉक्टर गाशे यांचे व्यक्तिचित्र सव्वाआठ कोटी डॉलरला विकले गेले. पहिल्या गोष्टीमुळे तो वेडा ठरतो, दुसरीमुळे देव. दोन्ही आपल्या सोयीचे आहे. कारण वेड्याकडून कोणी काही शिकत नाही आणि देवाची बरोबरी करायला कोणी जात नाही. मला जो व्हॅन गॉग जवळचा वाटतो तो या दोहोंपैकी कोणीच नाही. तो विद्यार्थी आहे. ज्या वयात आमच्याकडे माणूस दोन मुलांचा बाप झालेला असतो त्या सत्ताविसाव्या वर्षी तो रेघा गिरवायला बसला. त्यानंतर त्याला अवघी दहा वर्षे मिळाली आणि त्यांतली निम्मी तर हात वळणावर आणण्यातच गेली. मी मुख्यतः त्या पाच-सहा वर्षांविषयी लिहिणार आहे. कानाची हकीकत ज्यांना हवी असेल त्यांनी ती अन्यत्र वाचावी.

त्याचा जन्म ३० मार्च १८५३ चा, हॉलंडच्या दक्षिण भागातील झुंडर्ट या खेड्यातला. वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. आई हौसेने फुलांची चित्रे काढी. टिलबुर्गच्या शाळेत त्याला चित्रकलेचे नावाजलेले शिक्षक लाभले होते, पण १८६८ मध्ये ती शाळा त्याने मध्येच सोडली. पुढच्या वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, चुलत्यांच्या ओळखीने तो हेग येथे गूपिल नावाच्या चित्रविक्रेत्या पेढीत चिकटला. तेथून लंडन, तेथून पॅरिस. गिऱ्हाइकाशी गोड बोलणे त्याला जमेना आणि १८७६ मध्ये पेढीने त्याला निरोप दिला. मग इंग्लंडमध्ये मास्तरकी, डॉर्ड्रेख्टला पुस्तकाच्या दुकानात कारकुनी, आणि मग वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक व्हायचे म्हणून ॲम्स्टरडॅमला लॅटिन-ग्रीकची घोकंपट्टी. तीही वर्षभराने सोडली. शेवटी १८७८ च्या डिसेंबरात तो बेल्जियममधल्या बोरीनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात गेला आणि खाणकामगारांना धर्म सांगू लागला. तेथे त्याने आपले कपडे वाटून टाकले, झोपडीत गवतावर निजू लागला, स्वतः खाणीत उतरून आला. हे वागणे धर्मोपदेशकाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे वरिष्ठांना वाटले आणि त्याची नेमणूक पुढे चालू राहिली नाही.

येथवरचा हिशेब मांडला तर एक अर्धवट शाळा, एक सोडलेला अभ्यासक्रम आणि चार हुकलेले धंदे एवढेच त्याच्या नावावर निघेल. आमच्या गावात अशा मुलाला काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. हॉलंडमध्येही तेच म्हणत असावेत.

१८८० च्या उन्हाळ्यात, त्याच खाणींच्या मुलखात, क्वेम या गावी एका खाणकामगाराच्या घरी राहत असताना त्याने चित्रकार व्हायचे ठरवले आणि धाकटा भाऊ थिओ याला तसे कळवले. या निर्णयानंतर त्याने जे केले ते मला निर्णयापेक्षा मोठे वाटते. त्याने लगेच मोठे चित्र काढायला घेतले नाही. त्याने पाठ्यपुस्तक मागवले. शार्ल बार्ग याने तयार केलेली चित्रकलेची ही छापील पाने म्हणजे आपल्या कित्त्यासारखी: समोर नमुना, तो पाहून तंतोतंत काढायचा. गंमत अशी की ती छापणारी पेढी गूपिलच होती, म्हणजे ज्या दुकानाने त्याला बाहेर काढले त्याच दुकानाचा माल. कोळशाने काढावयाच्या अभ्यासाची त्यात साठ पाने होती, बहुतेक उघड्या पुरुषदेहाच्या बाह्यरेषा. व्हिन्सेंटने हिवाळा लागण्यापूर्वी साठच्या साठ पाने काढली. खोली लहान, उजेड बेताचा, आणि तिच्यात घरातली मुलेही झोपत. कागद मोठे पडत म्हणून तो जमेल तेव्हा बाहेर बागेत बसून काढी. जोडीला फ्रेंच चित्रकार मिले याच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे छाप होते. त्यांच्याही नकला त्याने केल्या.

कित्ता गिरवण्यात काय मिळते, असा प्रश्न मलाही अनेकांनी विचारला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा मी शाळेत असताना दिल्या, तेव्हा आम्हीही नमुने गिरवले होते. खांद्यापासून कोपरापर्यंतची रेघ वाकडी दिसते खरी, पण ती आधी दोन-तीन सरळ तुकड्यांत मोडून पाहिली की कुठे किती वळते ते डोळ्याला कळते. हात मग आपोआप येतो. म्हणजे गिरवताना खरा अभ्यास डोळ्याचा होतो. व्हिन्सेंटच्या डोळ्यांत त्या साठ पानांनी माप भरले. आणि तरीही त्याची सुरुवातीची रेखाटने पाहा: माणसे लाकडी, पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत, हात नांगराच्या फाळासारखे. मुद्रित चित्रांत का होईना ती पाहताना मला फार धीर आला, हे सांगायला हरकत नाही.

१८८० च्या ऑक्टोबरात तो ब्रुसेल्सला गेला. तेथे मोफत वर्गात नाव घातले, फान राप्पार्ड या सुखवस्तू घरच्या चित्रकाराशी मैत्री केली आणि शरीररचना व यथार्थदर्शन यांची पुस्तके वाचली. पुढच्या वर्षी आईवडिलांकडे एटन येथे येऊन तो शेतावरची माणसे काढू लागला. फावडे घेऊन खणणारा माणूस त्याने पाच वेळा काढला, दर वेळी निराळ्या बाजूने. याच वर्षी त्याला एक गोष्ट कळली. वडील पाठवीत असलेले पैसे वास्तविक थिओचे होते. थिओ त्याच्याहून चार वर्षांनी लहान; गूपिलच्याच पॅरिस शाखेत नोकरीला. त्याने कोणाला न सांगता भावाचा खर्च उचलला होता, आणि पुढे व्हिन्सेंटच्या अखेरपर्यंत तो उचलला. नंतर ही रक्कम महिना दीडशे फ्रँकच्या आसपास स्थिर झाली.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. व्हॅन गॉगच्या चरित्रात थिओ हा सहसा दयाळू भाऊ म्हणून एका परिच्छेदात उरकला जातो. ज्यांच्या घरी एकाच्या कमाईवर दुसऱ्याचे शिक्षण चालते, त्यांना तो एका परिच्छेदात मावणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझा दादा दहावी होताच भोसरीला एका कारखान्यात लागला; माझी फी, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्याच्या पगारातून येतात. रंग आणि कागद मी स्वतः मिळवतो, लग्नसराईत भिंतीवर ‘शुभविवाह’ आणि नावे रंगवून व गणपतीत मखरे करून. तरीसुद्धा कागदाला कोळसा लावताना, हा तास कोणाच्या पाळीतून आला आहे, हा विचार डोक्यात असतोच. व्हिन्सेंटच्याही होता. थिओला लिहिलेल्या शेकडो पत्रांत पैशाचा हिशेब पानोपानी येतो: मॉडेलला किती गेले, रंगाला किती, घरभाडे किती, उपास किती दिवस पडला. अखेर १८८४ च्या आरंभी त्याने थिओपुढे एक व्यवहार मांडला. थिओ देतो ते पैसे मदत म्हणून न देता चित्रांची किंमत म्हणून द्यावे आणि जी चित्रे तयार होतील ती थिओच्या मालकीची व्हावीत. जगाने या चित्रांना तेव्हा फुटकी कवडी देऊ केली नव्हती, म्हणून हा व्यवहार कोणाला पोरखेळ वाटेल. मला वाटत नाही. घेणाऱ्याला ताठ मानेने घेता यावे म्हणून शोधलेला तो मार्ग होता, आणि थिओने तो हसण्यावारी नेला नाही.

१८८१ च्या अखेरीस तो हेगला गेला. नात्यातले अँटोन मॉव्ह हे तेथले नामवंत चित्रकार. त्यांनी त्याला जलरंग आणि तैलरंग हाताळायला शिकवले. गुरु-शिष्यांचे हे नाते काही महिन्यांतच तुटले. मॉव्ह यांचे म्हणणे, प्लॅस्टरचे हात-पाय समोर ठेवून काढ. व्हिन्सेंटला जिवंत माणसेच काढायची होती. त्याने प्लॅस्टरचे ते नमुने कोळशाच्या डब्यात फेकून फोडून टाकले. कित्येक लेखक हा प्रसंग बंडखोरीचा म्हणून रंगवून सांगतात. मला तो निव्वळ हट्ट वाटतो. आणि पुढे चार वर्षांनी अँटवर्प व पॅरिसमध्ये हाच माणूस स्वतःहून प्लॅस्टरच्या पुतळ्यांसमोर जाऊन बसला, हे ते लेखक सांगत नाहीत.

हेगमध्येच त्याला पहिली कमाई झाली. ॲम्स्टरडॅमच्या एका चुलत्यांनी, जे स्वतः चित्रांचे व्यापारी होते, त्याच्याकडे शहराच्या दृश्यांची बारा रेखाटने मागितली: प्रत्येकी अडीच गिल्डर, एकूण तीस. तेथेच त्याने यथार्थदर्शनासाठी एक चौकट करवून घेतली. लाकडी चौकटीत उभे-आडवे-तिरपे दोरे ताणलेले, आणि ती जमिनीत रोवायला खुंट्या. तिच्यातून पाहिले की दूरचे घर आणि जवळचे झाड कोणत्या दोऱ्याला कुठे कापतात ते दिसते, आणि तेच कागदावर उतरवायचे. इंग्रजी सचित्र साप्ताहिकांतील हजाराहून अधिक छापचित्रे त्याने जमवली, पुठ्ठ्यांवर चिकटवली आणि ती अभ्यासाला वापरली. सीन होर्निक नावाची एक निराधार, गरोदर स्त्री, तिची लहान मुलगी आणि नंतर जन्मलेले बाळ यांच्यासह तो तेथे दीड वर्ष राहिला. ती त्याची मॉडेलही होती. आप्तांनी, मॉव्ह यांनीही, या कारणाने त्याच्याकडे पाठ फिरवली. १८८३ मध्ये पैशाअभावी आणि घरच्या दडपणामुळे तो तिला सोडून गेला. तिची अनेक रेखाटने अमर झाली म्हणून हे सोडून जाणे योग्य ठरते असे मला म्हणता येत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो नूनन या गावी आईवडिलांकडे परतला आणि येथे, माझ्या मते, त्याच्या विद्यार्थिदशेतला सर्वांत मोठा अध्याय घडला. प्रथम त्याने विणकर काढले, मागात अडकल्यासारखे बसलेले. मग १८८४-८५ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांचे चेहरे काढायला घेतले: एक नाही, दोन नाही, चाळीसच्या वर. काळोख्या झोपडीत, खिडकीच्या उजेडात, जवळजवळ काळ्या रंगांत. त्याच सुमारास, मार्च १८८५ मध्ये, वडील अचानक वारले. एप्रिल-मे मध्ये त्याने ‘बटाटे खाणारी माणसे’ हे चित्र पुरे केले. डी ग्रोट नावाच्या कुटुंबाच्या घरी बसून त्याने अभ्यास केले होते; शेवटचे मोठे चित्र मात्र बरेचसे आठवणीतून काढले. ग्रेड परीक्षेत आपल्याला स्मरणचित्र असते, तसे म्हणा. फक्त त्याने आठवणीत आधी शे-दीडशे रेखाटनांची बेगमी केली होती.

चित्र असे आहे. छताला टांगलेला एक दिवा. त्याखाली टेबलाभोवती पाच माणसे. मधल्या थाळीतले उकडलेले बटाटे घेणारे हात, कपांत ओतली जाणारी कॉफी, आणि आपल्याकडे पाठ केलेली एक मुलगी. चेहऱ्यांचा रंग माती लागलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात थाळीत जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. माणसे सुंदर नाहीत आणि बिचारीही नाहीत. ती जेवत आहेत.

या चित्राने माझ्यावर काय परिणाम केला ते सांगितल्यावाचून पुढे जाणे खोटेपणाचे होईल. ग्रेड परीक्षांनी मला घडवंची, कळशी, फुलदाणी आणि बाजाराचे दृश्य दिले होते. चुलीपुढे बसलेली माझी माणसे हा चित्राचा विषय आहे, असे कोणी सांगितले नव्हते. मी आर्ट्सला आहे हे कळल्यापासून गावातले लोक मला चित्रकार होण्याच्या कॉलेजात समजतात आणि शंकराच्या देवळाची भिंत रंगवायला बोलावतात. मी तेथे इतिहास आणि मराठी शिकतो हे त्यांना पटत नाही. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आई भाकरी थापते ते काढायला बसलो. तिला ते विचित्र वाटले. ती दोनदा पदर सावरून उठून गेली आणि तिसऱ्यांदा मला विसरून कामाला लागली. त्या सुट्टीत अकरा रेखाटने झाली. पहिल्या सहांत हात परातीवर नुसते ठेवल्यासारखे दिसतात. सातव्यात मनगटाचा कोन बदलला आणि हाताचे वजन पिठावर पडले. यात वाकबगारी काही नाही, पण काय बदलले ते मला सांगता येते. दोन वर्षांपूर्वी सांगता आले नसते. दादा पाडव्याला आला होता. त्याने सगळी अकरा एकामागून एक पाहिली आणि नववे मागून घेतले. ते आता भोसरीच्या खोलीत आहे.

‘बटाटे खाणारी माणसे’ पाहून तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थिओलाही ते पुरते पटले नव्हते. मित्र फान राप्पार्ड याने तर त्याचा शिळाछाप पाहून कडक पत्र लिहिले: माणसांना हाडे नाहीत, हात खोटे, कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात धड कॉफीकडे जात नाही. व्हिन्सेंटने ते पत्र परत पाठवले आणि पाच वर्षांची मैत्री त्यातच संपत आली. शिळाछापापुरते फान राप्पार्डचे बरेच म्हणणे खरे होते. पण आपला हात अजून कच्चा आहे हे व्हिन्सेंटलाही माहीत होते, म्हणूनच तर पुढल्या हिवाळ्यात त्याने पुन्हा शाळा गाठली. नूननमध्ये राहणे असेही अवघड झाले होते. त्याच्या मॉडेलपैकी एक अविवाहित तरुणी गरोदर राहिली, संशय त्याच्यावर आला, आणि गावच्या कॅथलिक धर्मगुरूने लोकांना त्याच्यासमोर बसण्यास मनाई केली.

१८८६ च्या जानेवारीत अँटवर्पच्या कला अकादमीत त्याने नाव घातले. वय बत्तीस, दात पडू लागलेले, पोटात बहुधा पाव आणि कॉफी. वर्गात व्हीनसचा प्लॅस्टरचा पुतळा काढायला दिला, तर याने तिला रुंद कंबरेची, कष्ट करणारी बाई करून टाकली. शिक्षक संतापले, असे त्याच्या एका सहाध्यायाने पुढे सांगितले. फेब्रुवारीअखेर तो अकादमी सोडून थिओकडे पॅरिसला निघून गेला. त्यानंतर महिन्याभराने अकादमीने वर्षाचा निकाल लावला आणि त्याला खालच्या, प्रारंभिकांच्या वर्गात बसवावे असे ठरवले. त्या निकालाची मला गंमत वाटते. राग येत नाही. अकादमीच्या मापाने तो निकाल बरोबरच होता.

पॅरिसमध्ये कॉर्मों यांच्या चित्रशाळेत त्याने तीन-चार महिने काढले. तुलूझ-लोत्रेक आणि एमिल बर्नार यांच्याशी तेथली ओळख. पण खरी शाळा थिओच्या घरी भरली. मॉडेलला पैसे नव्हते म्हणून त्याने फुले काढली: तांबड्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी ठेवला की दोघेही कसे उठतात हे पाहण्यासाठी. लोकरीचे रंगीत धागे एकमेकांत गुंडाळून तो रंगांच्या जोड्या आधीच तपासून पाही. तसे लोकरीचे गुंडे एका लाल पेटीत आजही जतन केलेले आहेत. आणि फुकटचे मॉडेल म्हणून आरशातला स्वतःचा चेहरा त्याने दोन वर्षांत पंचविसावर वेळा काढला. नूननचा काळोख त्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत जातो, तो क्रम लावून पाहण्यासारखा आहे.

यानंतरचे सर्वांना माहीत आहे: १८८८ मधले आर्ल, सूर्यफुले, आजार, सें-रेमीचे रुग्णालय. त्या रुग्णालयात, मॉडेल मिळत नसताना, तो पुन्हा मिलेच्या छापांकडे वळला आणि बोरीनाजमध्ये जे काळ्या रेषेत गिरवले होते ते आता रंगांत काढू लागला. दुसऱ्याने बांधलेली चीज गवई आपल्या गळ्याने गातो तसे. हयातीत त्याची विकली गेलेली चित्रे बोटांवर मोजता येतील. दहा वर्षांत त्याने साडेआठशेच्या वर तैलचित्रे आणि त्याहून अधिक रेखाटने केली.

२९ जुलै १८९० रोजी ओव्हेर या गावी तो वारला, स्वतःवर झाडून घेतलेल्या गोळीने. थिओ उशाशी होता. सहा महिन्यांनी, जानेवारी १८९१ मध्ये, थिओही गेला. त्याची तरुण पत्नी योहाना हिने सगळी चित्रे आणि पत्रे सांभाळली आणि १९१४ मध्ये पत्रे प्रसिद्ध केली. वर मी जे हिशेब दिले, खोलीचे, कागदाचे, पाच वेळा काढलेल्या माणसाचे, ते बहुतेक त्या पत्रांमुळे जगाला कळले. त्यांत १८९० च्या जून महिन्यातले एक पत्र आहे. सूर्यफुले काढून झाली होती, चांदण्यांची रात्र काढून झाली होती. त्या पत्रात त्याने थिओकडे बार्गची कोळशाच्या अभ्यासाची ती साठ पाने मागितली आहेत. शरीराच्या प्रमाणांचा सराव सुटत चालला आहे, तेव्हा ती सगळी पुन्हा एकदा काढायची आहेत, असे त्याने कळवले होते.